जयंताच्या गाडीवरच्या अक्षता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आणि चार माणसं दिसली की ज्याचं तोंड सुटतं अशा माझ्यासारख्या माणसाने काही सांगितलेलं नाही, म्हणजे ते काय असेल याची कल्पना करा.

ब्रिस्टलच्या मराठी घरांत माझा एक किस्सा प्रसिद्ध आहे. जयंताच्या गाडीचा. जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच — अहो, तो गाडीचा होऊन जाऊ दे. मग मी उठतो, खुर्ची पुढे ओढतो, ताटलीचं स्टिअरिंग करतो... पण तो किस्सा आज नाही. आज त्यातलं जे मी नेहमी गाळतो, ते.

किट कार म्हणजे काय, ठाऊक आहे? एक कंपनी तुम्हाला लोखंडी सांगाडा आणि फायबरग्लासचं कवच विकते. इंजिन, गिअरबॉक्स वगैरे तुम्ही एखाद्या भंगारातल्या फॅमिली कारमधून उपटून काढायचं आणि वीकेंड जाळून सगळं जोडत बसायचं. शेवटी जे तयार होतं त्याला छप्पर नसतं, हीटर नसतो आणि बाहेर इंग्लंडचं हवामान असतं! अशा लोकांचे मेळावेही भरतात. चिखलाच्या मैदानात बॉनेट उघडून उभी असलेली पन्नाशीची बाळं, हात मागे बांधून एकमेकांच्या इंजिनात डोकावतायत, थर्मासातला चहा पितायत. मला त्यांचा मनस्वी तिटकारा होता. तरी मी प्रत्येक मेळाव्याला जायचो. का जायचो? हसायला मिळायचं म्हणून.

जयंता त्या बाळांतला एक. हाडांचा डॉक्टर. मी त्याला सुतार म्हणायचो आणि तो हसायचा. हा त्याचा मोठा दोष, तो कशालाही हसायचा. मी विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यातला इंजिनिअर. त्यामुळे त्याच्या गॅरेजमध्ये चहाचा मग घेऊन उभं राहायचं आणि त्याने घट्ट केलेल्या प्रत्येक नटाकडे बघून सुस्कारा सोडायचा, हे माझं काम. मी स्वतः पान्याला हात लावतोय कशाला! पण काम तो सुरेख करायचा. हे तेव्हा एकदा तरी म्हणालो का? छे.

त्याची गाडी सरकारी तपासणीत पहिल्या फटक्यात पास झाली. त्या तपासणीत भले भले मेकॅनिक नापास होतात. जयंताने सगळ्यांत आधी मला फोन केला. मी म्हणालो, "तपासणारा आंधळा होता का रे?"

मग गणपती आले. मंडळाचा उत्सव शाळेच्या हॉलमध्ये, आणि तिथल्या कार पार्कमध्ये गाडीची पूजा करायची ठरलं. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक. आणि मीच म्हणालो — इंजिनावरचं ते एअर फिल्टरचं झाकण काढ, आतले चकचकीत कर्णे दिसू देत लोकांना. इंजिन त्या कर्ण्यांतून हवा ओढतं. झाकण नसलं की ते आभाळाकडे आ वासून उघडे. जयंता जरा घुटमळला. पण इंजिनिअर सांगतोय म्हटल्यावर काढलं त्याने.

भटजी कोण झालं असेल? जाकिटावर उपरणं टाकून मी उभा राहिलो. मंत्र मनाचेच. "कार्बोरेटराय नमः!" लोक लोटपोट. मी मूठभर अक्षता घेतल्या. कुंकवात भिजवलेल्या, लालभडक.

"अरे, वरून नको," जयंता म्हणाला. "उघडं आहे ते."

लोक हसत होते हो! हसणाऱ्या लोकांसमोर मला कधी थांबता आलंय? मी टाकल्या. आणि दुसरी मूठही टाकली.

आता ऐका. आमच्या कारखान्यात इंजिनाजवळ जाताना खिशात सुटं नाणं ठेवायलाही बंदी होती. उघड्या इंजिनात काहीही पडता कामा नये. नव्याने लागलेल्या मुलांना यावर भाषण द्यायचं काम कुणाचं? माझं. मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्याइतकं त्या कार पार्कमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचं किस्स्यात आहेच. जयंता स्टिअरिंगवर, शेजारी नऊवारीतल्या नलिनीवहिनी. त्याने पेडल दाबलं. गाडी उसळली. त्याने पाय काढला — आणि इंजिनाचा वेग उतरेना. किंचाळतच राहिलं. "थांबत नाहीये! थांबत नाहीये!" (हे मी फार छान करतो.) कागदी ताटल्यांच्या खोक्यांतून गाडी थेट कुंपणाच्या झुडपात. वहिनींच्या अंबाड्यात पानं. आणि मनगट मोडलेलं. हाडांच्या डॉक्टरच्या बायकोचं! इथे हमखास टाळ्या पडतात.

नंतरच्या शनिवारी जयंता ड्युटीवर होता. बिघाडाचं कारण शोधायला त्याने मलाच गॅरेजमध्ये बोलावलं होतं, दुसऱ्या कुणाला बोलावणार? मी कार्बोरेटर काढला. कर्ण्याच्या तळाशी एक गोल पातळ झडप असते. पेडलवरून पाय काढला की ती मिटते. ती मिटत नव्हती. कडेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. लाल.

तो तळहातावर घेऊन उभा होतो, तेवढ्यात वहिनी आल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात माझा चहा.

"काही सापडलं का हो भावजी?"

मी तो दाणा तोंडात टाकला. हो, खाल्ला. पेट्रोल आणि कुंकू. ती चव अजून सांगू शकतो.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "जयंताच्याच जोडणीत काहीतरी गडबड दिसते."

त्यांनी मान हलवली. रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तरी मी ह्यांना सांगत होते, हे आपलं काम नाही."

जयंताने गाडी मिळेल त्याला देऊन टाकली. हत्यारंही गेली. आता त्यांच्या घरी भिंतीत एक खिळा मारायचा तरी माणूस बोलावतात आणि जयंता शेजारी उभा राहून म्हणतो, "माझ्या हाताला यश नाही." रोज माणसांची हाडं जोडणारा माणूस! आणि मी? मी तिथे बसून हसतो.

मी त्या मैदानातल्या बाळांना हसायचो. त्यांनी निदान काहीतरी जोडलं होतं.

गेल्या महिन्यात जयंताच्या लेकीचं लग्न ठरलं. व्याही मंडळी जेवायला आली होती. जेवणानंतर जयंतानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सांग ना रे," तो म्हणाला, "मी गाडी कशी घालवली ते."

वहिनींनी आपलं मनगट पुढे करून व्याह्यांना दाखवलं आणि हसल्या.

मी उठलो. खुर्ची पुढे ओढली. ताटली घेतली.

नेहमीपेक्षा जास्तच रंगला.