एक घर, शंभर पावलं

२०२३ साल, माझं वय त्र्याहत्तर. त्या जानेवारीत आमच्या गल्लीतले उस्ताद मला पायी फिरायला घेऊन गेले. पण त्याआधी पंधरा दिवस त्यांनी मला कागदावर चालवलं.

कुठलंही काम निघालं की उस्ताद कानावरची पेन्सिल काढायचे, जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "पहले कागज पे, फिर जमीन पे." मग ते गॅसची टाकी आणणं असो की नातीचं लग्न. हिमरूच्या शाली विणण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. वेलबुट्टी आधी चौकोनांच्या कागदावर, मग मागावर. कागदावरच्या एका चौकोनाला ते घर म्हणायचे.

मी तिसरी नापास. चितेगावला कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून हयात काढली, पण मूळ गाव पैठणच्या धरणाकाठचं. उस्ताद मला पाटील म्हणायचे. मी पाटील नाही. पण गावाकडचा माणूस मान ताठ ठेवून चालला की शहरात तेवढं पुरतं.

त्यांना रोहित पक्षी बघायचे होते. लांब पायांचे, गुलाबी, हिवाळ्यात धरणाच्या उथळ पाण्यात उतरतात ते. जन्मभर शालींवर त्यांनी तेच पक्षी विणले, जिवंत एकही पाहिला नव्हता. आणि आता डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरली तेवढी जपा.

"जपून काय करू? लोणचं घालू?" उस्ताद म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल काढली.

"अहो, सपाट रान हाये ते," मी म्हणालो. "चढ नाय, उतार नाय. एसटीतून उतरायचं अन् पाण्याकडं तोंड करून चालायचं. त्याला कागद कशाला?"

"सपाट हाय म्हणूनच, पाटील. डोंगर असता तर त्याला बघून वळलो असतो. सपाटीत चारी बाजू सारख्याच."

तिथं वनखात्यात रोजंदारीवर असलेला एक ओळखीचा माणूस गाठून त्यांनी सगळं विचारून घेतलं. एक घर म्हणजे शंभर पावलं. बाभळी कितव्या घरात, दलदल कुठं, भाकरी कुठं सोडायची. शेवटच्या पाच घरांत पक्षी बिचकू नयेत म्हणून गप्प राहायचं होतं, तिथं त्यांनी तोंडावर बोट ठेवलेला माणूस काढला. त्याला मिशा माझ्या होत्या. पांढरा सदरा चालणार नाही म्हणाले. माझ्याकडं पांढऱ्याशिवाय सदरा नाही, तर जावयाचा मळकट शर्ट आणवला.

एक दिवस चहाच्या हॉटेलात मी बोललो, "माझ्या म्हशी चरल्यात त्या काठाला. मला कागद नको."

उस्ताद चारचौघांत हसून म्हणाले, "पाटलाला कागद वाचता येत नाय, म्हणून नको."

खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं. मी म्हणालो, "बरं. आता तुमचा कागद नेईल तिकडं येतो. तोंड उघडलं तर नाव बदला."

ठरल्या दिवशी सात वाजता एसटीतून उतरलो. पक्षी दहापर्यंत काठाला असतात, ऊन चढलं की आत सरकतात, असं त्या माणसानं सांगितलं होतं. उस्तादांची नजर काठापर्यंतच पोचायची. म्हणजे जे काय व्हायचं ते दहाच्या आत.

पहिल्याच फाट्यावर उस्तादांनी कागद डोळ्याला लावला. "उजवीकडं."

मला माहीत होतं, उथळ पाणी डावीकडं आहे. तुम्ही असता तर बोलला असता. मी नाही बोललो. तासभर त्यांच्या मागं पावलं मोजत चाललो.

चाळिसाव्या घरात पाणी पाहिजे होतं. तिथं ऊस होता.

उस्ताद बांधावर बसले. त्यांचा चेहरा बघवेना. नीट दिसावं म्हणून त्यांनी कागद उन्हाकडं धरला, पाठीमागून रेघा उमटल्या आणि ते एकदम हसायला लागले. "अरे, मी उलटा नक्षा काढला! मागावर कापडाची उलटी बाजू आपल्या तोंडाकडं असते, सुलटी खाली. हात सवयीनं तसाच चालला. डावं ते उजवं झालं!"

मग माझ्याकडं वळले. "तुला कुठं कळलं?"

"फाट्यावर."

"आणि तासभर गप्प?"

"तोंड उघडणार नाय म्हणलो होतो."

आता शिव्या येणार म्हणून मी खाली बघितलं. उस्ताद म्हणाले, "डोळे माझे चाललेत, पाटील. तुझी जीभ कधी गेली?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हशींच्या जुन्या वाटेनं नेलं. पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते, थवा आत सरकत होता. उस्ताद गुडघाभर चिखलात उतरले आणि मान पुढं काढून उभे राहिले.

"पक्षी नाय दिसत. किनार दिसते. गुलाबी." बराच वेळ बघून म्हणाले, "मी लाल भरत होतो. हा तर धुवून धुवून उतरलेला लाल. आता गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू?" हसत होते, आणि डोळे पुसत होते.

पुढच्या वर्षी नजर पुरती गेली. लेक त्यांना हैदराबादला घेऊन गेली. जाताना कागद मला दिला. "तुला वाचता येत नाय, म्हणून तुझ्याकडंच जपून राहील."

यंदा जानेवारीत एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पाटील, पाहुणे आले का?"

"मला काय ठाऊक? इथं गल्लीत येतात व्हय?"

"मग जाऊन बघ की. कागद माझ्या डोक्यात हाय. तू पावलं मोज, मी घरं मोजतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाचा तोच शर्ट घालून मी पहिल्या एसटीनं गेलो. फोन खिशात चालू ठेवला, कागद उन्हाकडं करून पाठीमागून धरला आणि शंभर पावलं झाली की "एक घर" असं मोठ्यानं सांगत चाललो. फाटा आला.

"बोल पाटील," खिशातून आवाज आला, "कुठं वळायचं?"

"डावीकडं," मी लगेच सांगितलं.