हर्निया सांगून केलेलं ऑपरेशन

"हा आजार नाही," सांगलीचे डॉक्टर म्हणाले, आणि मला चक्क वाईट वाटलं. चार लोकांत सांगता येईल असं काहीतरी निघू दे, अशी देवाला विनवणी करतच मी तपासणीच्या टेबलावर झोपले होते.

डॉक्टरांनी डायस्टॅसिस असा शब्द वापरला. म्हणजे बाळंतपणात पोटाचे उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून लांब जातात आणि काहींचे परत जवळ येतच नाहीत. त्यावर दोन सिझेरियननंतर लोंबलेली कातडी. "व्यायामानं थोडा फरक पडेल, कातडी जाणार नाही. ऑपरेशन करायलाच हवं असं नाही. तुम्हाला हवंय का?"

हवं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी एस.टी.त एका मुलीनं उठून मला जागा दिली होती. "बसा ताई, अवघडलेल्या बाईनं उभं राहू नये." मी तिला नाही म्हणाले नाही. उतरेपर्यंत पोटावर पिशवी धरून बसून राहिले.

टमी टक हे नाव गोड आहे, ऑपरेशन मोठं आहे. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत छेद घेतात, स्नायू ओढून शिवतात, जादा कातडी काढतात, बेंबीसुद्धा नव्यानं बसवतात. घरी मी सांगितलं, हर्निया. स्नायू शिवणार होतेच, म्हणजे निम्मं खरं, अशी मनाची समजूत घातली. खरं फक्त आमच्या ह्यांना ठाऊक. सैन्यात नोकरी केलेला माणूस, सांगू नका म्हटल्यावर विषय संपला.

आष्ट्याला घरी आले ती वाकूनच. कातडी ताणलेली असते, त्यामुळे सुरुवातीला सरळ उभं राहायचं नाही. झोपायचं तेही पाठीशी उशा आणि गुडघ्यांखाली लोड घेऊन. पोटावर घट्ट पट्टा, त्याखालून निघालेल्या दोन नळ्या, टोकाला लिंबाएवढे फुगे. त्यांना ड्रेन म्हणतात. आत साठणारं पाणी त्यातून बाहेर येतं. खोकला आला की उशी पोटाशी धरायची. हे सगळं डॉक्टर सांगतात. बघायला येणाऱ्या माणसांचं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला न जाणं म्हणजे भांडण काढणं. गाड्या भरभरून पाहुणे आले. बिस्किटाचे पुडे, शहाळी आणि प्रत्येकाच्या घरातला एक हर्निया घेऊन आले. "आमच्या मेव्हण्याचा तर दोनदा फाटला," असं सांगत पलंगाच्या कडेवर धपकन बसायचे. पलंग हलला की माझे टाके ओरडायचे. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, सत्तरी ओलांडलेल्या. चहा करून करून दमायच्या. मला पडल्यापडल्या लाज वाटायची, आणि लाजेचा राग व्हायचा, तोही त्यांच्यावरच. वर संध्याकाळी पोट सुजून पहिल्यापेक्षा मोठं दिसायचं. एवढं करून मिळवलं काय? सूज आणि खोटं!

अशात कुंडलहून माझी धाकटी नणंद आली, सुमन. तिला खराखुरा हर्निया होता. खोकली की बेंबीपाशी गोळा यायचा. आतडं त्यात अडकलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावून ऑपरेशनची तारीखही दिली होती. ती माझ्या नळ्यांकडे बघत बसली.

"वैनी, मी न्हाई जायाची ऑपरेशनला."

"का वन्सं?"

"तुमचं बघितलं की. चांगल्या ताठ बाई, खेकड्यावानी वाकलाय. आमचा ऊस तोडीला आलाय, दारात म्हशी हाईत. लय दिस पडून राहायला मला परवडतंय व्हय? असू दे तो गोळा."

"खरं हाय. न्हाईच करायचं," आत्याबाईंनी निकाल दिला.

प्रत्येकाचं वेगळं असतं, असं मी काहीतरी पुटपुटले. "आवं, हर्निया तो हर्निया," म्हणत सुमन उठली. चप्पल घालायला वाकली, तेव्हा तिचा हात आपोआप गोळ्यावर गेला आणि तो आत दाबून धरूनच तिनं चप्पल घातली.

"वन्सं, थांबा. मला हर्निया झालेलाच नव्हता."

मग सगळं सांगितलं. एस.टी.तली मुलगीसुद्धा. तुमचं ऑपरेशन याहून कितीतरी लहान, हवं तर डॉक्टरांना विचारा, असंही सांगितलं.

"पोट कमी कराय पोट फाडून घेतलंस?" आत्याबाई म्हणाल्या. "आन् मी हितं तुझ्या हर्नियासाठी सोमवार धरलेत!"

मला रडू फुटलं. त्यांनी उशी उचलून माझ्या पोटाशी दिली. "रडू नगं, टाकं तुटतील. माझं सोमवार काय वाया जात न्हाईत. हितनं फुडं सुमीच्या नावानं."

सुमन आधी हसली, मग हळूच म्हणाली, "वैनी, बेंबी कुठं बसवली, बघू की."

तिनं फोन करून डॉक्टरांना विचारलं आणि ठरल्या तारखेला गेली. ऑपरेशन झालं त्याच दिवशी ती वॉर्डात चालायला लागली.

हे ऑपरेशन करणाऱ्या बायांना माझं सांगणं एवढंच. पट्टा लावा, वजन उचलू नका, संध्याकाळच्या सुजेला घाबरू नका. ताप आला किंवा एका बाजूला पाणी साठल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांना गाठा. आणि घरात खरं सांगा. माझ्या पोटाची मला एवढी लाज वाटली, की मी दुसरीचं पोट धोक्यात घातलं.

सुमन विश्रांतीला आमच्याकडेच आली. शेजारशेजारच्या पलंगांवर आम्ही दोघी. पुन्हा गाडी भरून पाहुणे आले. मी तोंड भिंतीकडे वळवणार, तेवढ्यात आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"ही हर्नियाची. आन् ही बाळातपणात उसवलेलं पोट शिवून घेतल्याली. दोघी माझ्याच. चहा मिळंल, पर पलंगावर कुणी बसायचं न्हाई."