दाजींनी कार्डाची खात्री करून घेतली

आमच्या दाजींना खात्री करून घेण्याचा आजार आहे. कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघणार, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढणार. एकदा कडीच उपटून हातात आली, तर म्हणाले, "बघ, मी म्हणतच होतो, कच्ची आहे!" ताईने लग्नाला होकार दिला तेव्हाही ह्यांनी तीनदा विचारलं, "नक्की ना?" अजून एकदा विचारलं असतं तर मी नाहीच म्हणणार होते, असं ताई सांगते. दाजी फोटो स्टुडिओ चालवतात. ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेला माणूस कंटाळून जांभया द्यायला लागला, की मग ह्यांचा उजेड जमतो.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गुडघ्यांपुढे हात टेकले आणि सायकल दुरुस्तीचं दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी जावयाने दुकानाचे फोटो काढावेत, एवढीच त्यांची हौस. दाजींनी काढले. नव्या भाडेकरूने लगेच फळ्या उतरवल्या, भिंती रंगवल्या. आणि मग कॅमेऱ्याने सांगितलं, मेमरी कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करू का? दाजींनी घाबरून हो दाबलं. झालं! कार्ड कोरं करकरीत.

अप्पा रोज फोन करायचे. "जावईबापू, फोटो?"

"छापायला दिलेत, अप्पा."

स्टुडिओ ह्यांचा, प्रिंटर ह्यांचा, आणि छापायला दिलेत म्हणे! थाप अंगाशी यायला लागली तेव्हा मला बोलावणं आलं. संकटात बरी मेहुणी आठवते.

गेलेले फोटो शोधून काढणारा एक प्रोग्रॅम मी कॉम्प्युटरवर चढवला. पहिलीच सूचना मोठ्याने वाचली, "कार्डावर नवे फोटो काढू नयेत, ते जुन्यांच्या जागी बसतात."

दाजी कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळायला लागले.

"दाजी?"

"कार्ड चालतंय का, एवढंच बघितलं गं."

"किती फोटो काढून?"

"खात्री होईपर्यंत."

पंखा, वाळत घातलेले टॉवेल, ताईची पाठ, पुन्हा पंखा. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, झाडलेल्या दुकानापुढे ताठ उभे राहिलेले अप्पा त्या पंख्याखाली गाडले गेले होते. मला असा संताप आला की काय सांगू! पण दाजींकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. "त्यांनी आजवर एकच गोष्ट मागितली माझ्याकडे," ते म्हणाले. मग कसली भांडतेय मी.

तेवढ्यात पडद्यावर एक फोटो उमटला. मग दुसरा. दाजी ताडकन उठले. "अगं, हे तर मी पुसले होते!"

झालं होतं असं, की फोटो काढून झाल्यावर एकजण वाकडं चाक घेऊन आला. अप्पांनी बाह्या सरसावल्या आणि बसले कामाला. दाजींनी तेही टिपलं. अप्पांनी ते फोटो कॅमेऱ्यात पाहिले आणि फर्मान काढलं, "पुसा आधी! गबाळा दिसतोय मी." जावई आज्ञाधारक. पण पुसलेले फोटो कार्डात मागच्या बाजूला पडून होते आणि पंखा तिथवर पोचला नव्हता.

त्यातला एक मोठा छापून आम्ही अप्पांकडे गेलो. दाजींनी थाप न मारता सगळं सांगितलं, अगदी टॉवेलांसकट. अप्पांचा चेहरा उतरला.

"म्हणजे इस्त्रीचा एकही नाही?"

"नाही, अप्पा. चूक माझी आहे."

अप्पांनी फोटो हातात घेतला. केस विस्कटलेले, कोपरापर्यंत काळं ग्रीस. चाक डोळ्यांसमोर धरलेलं, एक डोळा मिटलेला. मागे खिळ्यांना लटकवलेल्या ट्यूबा आणि पायाशी पान्ह्यांचा पसारा.

"हे काय ध्यान!" ते पुटपुटले.

आई त्यांच्या खांद्यावरून बघत होती. "सारा जन्म मी ह्याच ध्यानाला जेवायला हाका मारल्या," ती म्हणाली. "तो इस्त्रीवाला कोण, मला नाही माहीत."

अप्पा हसले नाहीत. फोटोतल्या भिंतीवरून बोट फिरवत राहिले.

"दुकान असंच होतं गं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आलं.