तेलाची टाकी भरलेली होती

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मासेमार धर्माकाकांनी गेल्या आठवड्यात दुरुस्त झालेलं इंजिन नेताना विचारलं, "इंजिन जुनं हाय. तेल हातानंच पेट्रोलात मिसळू का?"

"पंप टाकीतलं तेल आपोआप ओढून इंजिनाला देतोय, काका. गरज न्हाय," मी म्हणालो.

परवा सकाळी काशीदसमोर समुद्रात त्यांचं इंजिन जाम झालं. होडी खडकावर गेली आणि ती सावरताना काकांचा पाय चिरडला. डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला.

काल दुपारी मी इंजिन उघडलं. टाकीत तेल होतं, म्हणून तेल संपल्याचा इशारा देणारा भोंगा वाजलाच नाही. पंपच बंद पडला होता, तेल इंजिनात पोचतच नव्हतं.

आज दवाखान्यात काकांना हे सांगितलं. त्यांनी तोंड फिरवलं.

माझ्याकडून जुनी इंजिनं दुरुस्त करून घेतलेल्यांनो, मी पंप पुन्हा तपासून देतो. तोवर कृपया तेल पेट्रोलातच मिसळा.