घोड्याच्या नावावर कण्या

आमच्या घरी घोडा आला तेव्हा घरात घोड्यावर बसता येणारं एकही माणूस नव्हतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी शूरपणाची वाट पाहायला नको. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही आणि घोड्याला नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही. त्यामुळे नवरा 'हे' आणि घोडा 'तो', एवढ्यावरच माझं भागत आलं.

ते कापसाचे दिवस होते. समुद्रापलीकडच्या एका मुलखात आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेत पोचेना, आणि वऱ्हाडातल्या कापसाला असे भाव आले की अमरावतीचे व्यापारी थेट शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसू लागले. लढाई कुणाची, कशासाठी, हे आमच्या गावात कुणालाही ठाऊक नव्हतं. पण ती लवकर मिटू नये म्हणून मारुतीपुढे नारळ मात्र नेमाने फुटत. आमचं गाव वलगावच्या अलीकडे, घरं सगळी मातीची. त्या मातीच्या घरांपुढे एकाएकी चांदी दिसू लागली. कुणी बैलांना चांदीच्या घागरमाळा केल्या, कुणी बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, जुवाला चांदीचं पान ठोकलं. एकाने छत्री आणली. भर मार्गशीर्षात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, तो ती उघडून पारावर बसे.

मग घोडे आले. एका हंगामात गावात पाच घोडे झाले, पण बसणारा कुणी नव्हता. संध्याकाळी मालक घोड्याची दोरी धरून पायी वेशीपर्यंत जात आणि पायीच परत येत. आम्ही बायका विहिरीवर पाणी भरता भरता पाहायचो आणि पदर तोंडात कोंबून हसायचो. आमच्या ह्यांचा घोडा येईपर्यंत मी सगळ्यांत जास्त हसायची.

हे कापसाच्या बंड्या घेऊन अमरावतीला गेले होते. परतले तेव्हा शेवटच्या बंडीच्या मागे घोडा बांधलेला, आणि हे बंडीत उलटं तोंड करून वाटभर त्याच्याकडेच पाहत आलेले. विकणाऱ्याने तो काठेवाडी आहे म्हणून शपथ घेतली होती. सासूबाईंनी त्याला खालून वर एकदा न्याहाळलं.

"हा वखराले चालते का?"

"नाई व माय."

"मंग दूध देते का?"

"माय, घोडा हाय तो!"

"तेच इचारून राह्यली मी," असं म्हणून त्या आत गेल्या.

सासरे मी नांदायला यायच्या आधीच वारले होते, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सासूबाई तोंडाच्या तिखट. मला त्यांनी पहिल्या वर्षी भरपूर रडवलं होतं, ते मी विसरलेली नाही. दात त्यांना जवळजवळ नव्हतेच. त्यांचं जेवण म्हणजे कण्या: ज्वारी जात्यावर भरडायची, पाण्यात रटरट मऊ शिजवायची, वर मीठ आणि घट्ट ताक. मनात आलं तर लसणाची फोडणी. गहू त्यांना सोसत नसे. पोळी पोटात गेली की दोन दिवस आडव्या. मीही भाकरीवर वाढलेली. गरम भाकर, अंबाडीची भाजी, तीवर कच्चं तेल, एवढं मिळालं की मला राजवाड्यातलं बोलावणंही नको असे.

पण कापूस चढला तशी ज्वारी उतरली. ज्वारी खाणं म्हणजे घरात काही कमी असल्याची कबुली, असं गावाने ठरवून टाकलं. जो तो जेवून ओट्यावर येई, मोठ्याने ढेकर देई आणि कुणी विचारलं नसताना सांगे की आज पोळी जरा जास्तच झाली. आमच्या वावरांतली ज्वारी एकेका हंगामात मागे सरत गेली, आणि ज्या वर्षी घोडा आला त्या वर्षी तर नाल्याकाठच्या तुकड्यातही कापूसच होता. ज्वारी गेली, तिच्या ओळींतून येणारी अंबाडी गेली, अंबाडीबरोबर भाजी गेली आणि दोरही गेले, कारण आमच्याकडे दोर वळायचे ते अंबाडीच्याच सालीचे. त्या हिवाळ्यात हुरडा भाजायला गावात कणीस नव्हतं.

फाल्गुनात आमचं पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, तळापर्यंत खरवडून झालं. सासूबाईंनी मुलाला सांगितलं, "नाल्याकाठी औंदा ज्वारी टाक रे."

"घोडेवाल्याच्या वावरात ज्वारी? लोक काय म्हणतीन, माय?"

नाल्याकाठी पाणी साचून कापूस असाही मरतुकडाच येत होता. तेवढं मी बोलून पाहिलं. तर हे हसले. "तुले काय समजते कापसातलं?" हंगामभर वेचणी करून माझ्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या. कापसातलं मला समजत नव्हतं, आणि ह्यांना समजत होतं, कारण हे घोड्याजवळ उभे राहत.

बाजारातून ज्वारी आणणं तर ह्यांना पेरण्याहून लाजिरवाणं, म्हणून सासूबाई ताकावर राहू लागल्या. मधूनच कुठून मूठभर तांदूळ मिळाले तर मी पेज करायची. न्हाऊ घालताना त्यांच्या पाठीची हाडं माझ्या हाताला लागत. मला त्यांच्याविषयी फार प्रेम होतं असं म्हणणार नाही, पण ती हाडं हाताला लागली की माझा जीव कासावीस व्हायचा. त्या वर्षी मला दागिना नको होता, लुगडं नको होतं. नाल्याकाठच्या तुकड्यात ज्वारी हवी होती, बस.

इकडे घोड्याचेही हाल सुरू झाले होते. आधी त्याला हरभऱ्याची चंदी मिळे, वर गूळ. हे स्वतः खरारा करत. आईच्या पाठीवरून त्यांनी कधी असा हात फिरवला असेल तर मला माहीत नाही. पण गवत वाळलं, आणि नुसत्या चंदीने घोड्याचं पोट भरत नाही. त्याला कडबा लागतो, आणि कडबा म्हणजे ज्वारीचीच वाळलेली ताटं. कापसातून मिळते सरकी, ती बैल खातात. घोड्याने ती हुंगली आणि आमच्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. राहिल्या पराट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, त्या चुलीत जातात. कापूस नेसता येतो, खाता येत नाही, हे त्या मुक्या जनावराला आमच्या आधी कळलं. गोठ्याच्या छपराचं गवत मान पोचेल तिथपर्यंत त्याने खाऊन टाकलं. बरगड्या दिसू लागल्या तेव्हा ह्यांनी त्याच्यासाठी जरीची झूल शिवून घेतली.

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आखाजीला लेकी माहेरी जातात, आणि मला न्यायला माझे वडील येणार होते. त्यांचं गाव अकोल्याकडे, पूर्णेच्या काठी. बंडीने दोन मुक्काम करून यावं लागे. आमच्यात नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत बाप लेकीच्या घरी जेवत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. मला अजून मूल नव्हतं. त्यामुळे वडील सगळं बरोबर घेऊनच निघत: फडक्यात भाकरी, ठेचा, कांदे, पाण्याचं मडकं, आणि बैलांसाठी बंडीभर कडबा.

ह्यांनी सकाळपासून घोडा दारात बांधला होता. झूल, कपाळावर चांदीचा चांद, गळ्यात घुंगरू. स्वतः जरीचा फेटा बांधून बाजूला उभे. बाकीचे घोडेवालेही पाहायला जमले होते. वडिलांनी निंबाखाली बंडी सोडली, बैलांपुढे कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या आणि सरळ होऊन म्हणाले, "राम राम, जवाईबुवा."

राम रामाला उत्तर मिळायच्या आत घोड्याचा दोर तुटला. दोर जुनाच होता, नवा वळायला अंबाडी कुठे होती? घोडा घुंगरू वाजवत थेट बंडीशी गेला आणि त्याने मान कडब्यात खुपसली. तुटका दोर धरून मागे हे, "हो, हो" करत, जसं बैलाला म्हणतात तसं. घोड्याला ती भाषा येत नव्हती. तो डोळे मिटून खात होता. माझ्या वडिलांनी त्याला हाकललं नाही. उलट एक पेंढी सोडून त्याच्या पुढ्यात सारली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून विसरलेही असते. पण सासूबाई दारात आल्या. वडिलांनी न्याहारीसाठी फडकं सोडलं होतं आणि भाकरीचा वास त्यांच्यापर्यंत गेला होता. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या बंडीपाशी गेल्या.

"इवाईबुवा, भाकर ज्वारीची हाय का?"

वडील हात जोडून उभेच राहिले. मुलीच्या बापाने विहिणीपुढे वाकायचं, तिचा मान राखायचा, तिला लुगडं द्यायचं. विहिणीने त्याच्या शिदोरीतलं मागायचं, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"हाये, इहीनबाई. पण शिळी हाये, दोन दिसाची."

"असू द्या. ताकात भिजली का झालं."

मी आतून ताकाचा गडवा आणला. सासूबाई बंडीच्या चाकाला टेकून खाली बसल्या आणि भाकर कुस्करून खाऊ लागल्या. बंडीच्या एका अंगाला घोडा, दुसऱ्या अंगाला त्या. दोघांच्या मधोमध जरीचा फेटा बांधलेले हे, हातात तुटका दोर. जमलेले लोक जागचे हलले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी बरंही वाटलं. पाहा म्हणावं, सगळ्यांनी डोळे भरून पाहा. आता माझे वडील बोलतील, अशी मी वाट पाहत होते.

दोघांचं खाऊन होईपर्यंत वडील थांबले. मग ते बोलले ते असं: "जवाईबुवा, घोडा झकास हाये."

ह्यांचा चेहरा उजळला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"खोगीर नाई दिसत ते?"

"घेणार हाओ."

"आखाजीचं खोगीर माह्याकडून. पण राग मानू नका, एक सांगतो. असा घोडा इकतच्या कडब्यावर ठेवला तं लोक हासतीन. त्याच्यासाठी घरचा कडबा पाहिजे. एखादा तुकडा काढा, बेणं मी धाडतो. ताटावर कणसं येतीन ते काय, घरात घ्या नाईतं फेकून द्या."

ह्यांनी जमलेल्यांकडे पाहिलं, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "नाल्याकाठचा तुकडा मी त्याच्यासाठीच ठेवणार होतो."

गाव मागे पडेपर्यंत मी दम धरला. मग बंडीतच वडिलांवर उखडले. सासूबाईंची दशा दिसली नाही का तुम्हाला? घोड्याचं कौतुक कसलं करत बसलात? वडिलांनी बैलांना हाकारलं.

"दिसली पोरी. म्हणून तं घोड्याचं बोललो. मायसाठी पेराची असती तं त्यानं आतालोक पेरली नसती का?"

माहेर येईपर्यंत मी रडत होते.

बेणं आलं, खोगीर आलं. खोगिरावर हे एकदाच बसले आणि लगेच उतरले, म्हणजे घोड्याने उतरवलं. पुढे ते खोगीर ओसरीत खुंटीला टांगलेलं असे. ज्वारी मात्र माणूसभर उंच झाली. हे लोकांना धुऱ्यावर नेऊन दाखवत, "हे माह्या घोड्याचं वावर." मार्गशीर्षात कापणी झाली. ह्यांनी पेंढ्या मोजल्या. कणसांकडे पाहिलंही नाही, ती आम्ही दोघींनी घरात घेतली. मी जातं धुतलं, भरड काढली आणि सासूबाईंपुढे कण्यांचं ताट ठेवलं. त्या जेवल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

पुढचा पोळा आला तोवर ती लांबची लढाई मिटली होती. भाव घसरू लागले होते, गावातले दोन घोडे विकले गेले होते, छत्रीवाला उन्हात छत्रीविनाच बसू लागला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळतात आणि त्यांच्या कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे बैलांचं करत होते. सासूबाई उठल्या, वाटीतलं लोणी बोटांवर घेतलं आणि थेट घोड्याकडे गेल्या. हात जेमतेम पोचत होता. त्यांनी त्याचा खांदा चोळला, त्याची मान खाली ओढली आणि कानात आवतन दिलं.

हे हसले. "माय, घोड्याले काहून आवतन? त्यानं कोणतं वावर वखरलं?"

"तुह्या बापाच्या माघारी मले यानंच जेवू घातलं," सासूबाई म्हणाल्या. "मी त्याले जेवाले बलावून राह्यली, तं तुले काय झालं?"

त्यांचा आवाज चढलाही नव्हता. हे वाटी घेऊन बैलांकडे वळले आणि एकाच बैलाचा एकच खांदा कितीतरी वेळ चोळत राहिले. मला ह्यांची कीव आली. राग गेला नाही, पण कीव आली.

घोडा दिवाळीनंतर विकला. पाऊस पडून पेरणीचे दिवस आले तेव्हा मी भाकर घेऊन वावरात गेले, तर हे नाल्याकाठी ज्वारी पेरत होते. धुऱ्यावरून छत्रीवाला विचारत होता, "घोडा तं इकला ना गा? मंग आता कडबा कोणाले?"

ह्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "कडबा नाई, ज्वारी पेरून राह्यलो. मायले लागते."

मी भाकर धुऱ्यावर ठेवली आणि जवळजवळ धावतच घरी आले. सासूबाई कण्यांचं ताट घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"लय उशीर केला पोट्ट्यानं," त्या म्हणाल्या, आणि मीठ मागितलं.