गुरुजींची जाड टायरची सायकल

"अजून एकाले विचारून पाहू."

आमच्या शाळेतले थोरले गुरुजी असं म्हणाले की माझं डोकं फिरायचं. म्हणताना ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचे. चष्मा हातात आला की समजावं, आजही सायकल येत नाही.

आर्वी रोडवरच्या फाट्यापासून शाळा बरीच आत, शेतातल्या वाटेने. मी तिथला धाकटा मास्तर, गावातच खोली करून होतो. गुरुजी बोरगाव मेघेहून एसटीने यायचे. घरी त्यांच्या बाई अंथरुणाला खिळलेल्या, लेक सासरी. दिवसा शेजारीण बघायची, पण संध्याकाळची बस चुकली की बाई रात्रभर एकट्या. फाटा ते शाळा ते फाट्यावर ठेवलेल्या सायकलने करायचे, पण पावसाळ्यात काळ्या मातीत ती जुनी सायकल जागची हलायची नाही. म्हणून जाड टायरची, मडगार्ड नसलेली, ती पोरं डोंगरावर चालवतात तसली सायकल घ्यायचं ठरलं. तेव्हा ती वर्ध्यात नुकतीच मिळायला लागली होती.

गिअरवाली परवडत नव्हती, शॉकअपवाली त्याहून नाही. उरली साधी. तुम्हीच सांगा, यात विचारायचं काय राहिलं? पण दर रविवारी मला दुकानात बोलावणार आणि रिकाम्या हाताने परतणार. त्यांनी औषधवाल्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं. एकदा तर भर गर्दीत कंडक्टरला! तो बिचारा तिकिटं फाडायची सोडून टायरवर बोलायला लागला.

"गुरुजी, पाऊस तोंडावर आला. घेऊन टाका ना एकदाची!"

"घाई काऊन करतं, राजा? मंग पस्तावा नको."

शेवटी घेतली. मी सुटलो म्हटलं, आणि तिथेच फसलो. सोमवारी एसटीच्या टपावरून आलेली सायकल बघतो तर नवरीसारखी नटलेली! पुढे-मागे मडगार्ड, चेनकव्हर, हँडलला झिरमिळ्या, वर झेंडूचा हार.

"अरे बाप्पा! मडगार्डात चिखल अडकते म्हणूनच तर ही घेतली ना?"

"घरची म्हणे, नवी गाडी दारात येऊन राह्यली, तिले उघडीबोडकी आनू नका."

मी कपाळावर हात मारून घेतला. पहिल्याच मोठ्या पावसात मडगार्डात माती अशी गच्च बसली की चाक फिरेना. गुरुजी सायकल खांद्यावर घेऊन फाट्याकडे धावले. बस डोळ्यांदेखत गेली. मुक्कामाला माझ्याकडे आले, पण ताटावर बसलेच नाहीत. उजाडताच मी पाना घेऊन मडगार्ड काढायला बसलो.

"आता कोनालेच विचाराचं नाई!" मी बजावलं.

गुरुजी एकेक स्क्रू हातात धरून उभे राहिले.

त्यानंतर एकही बस चुकली नाही. पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा घेऊन घरी पोचायचे. बाई पडल्या पडल्या ओरडायच्या, "मास्तर होय का म्हैस?" हे ते शाळेत सगळ्यांना सांगायचे, खूश होऊन.

पावसाळा सरता सरता बाई गेल्या. तेरवी आटोपून गुरुजी कामावर आले. संध्याकाळी शाळा सुटली, पोरं गेली, तरी हे पायरीवरच. मी सवयीने खेकसलो.

"गुरुजी, उठा! बस निघून जाईन!"

"जाऊ दे. सकाळी दुसरी हाये."

फाट्यावरून बस गेल्याचा आवाज आला. मी चिडायला तोंड उघडलं होतं, पण चिडायचं कोणावर? गुरुजी बसूनच राहिले. मी खोलीवर जाऊन दोघांचा भात टाकला.