स्टुरेची हरकत

गोथेनबर्गच्या विद्यापीठात स्टुरे लुंडग्रेनने अख्खी नोकरी एका कंपायलरवर घालवली. 'ल्युंग' नावाच्या संगणकाच्या भाषेत लोक प्रोग्राम लिहीत, आणि हा कंपायलर ते यंत्राला कळतील असे करून देई. लग्न स्टुरेने केलं नाही. वेळच मिळाला नाही, असं तो सांगे, आणि ते कुणाला खोटं वाटत नसे.

निवृत्तीपूर्वी त्याला भाषेत एकच सुधारणा घालायची होती. सिग्नलचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने लाल आणि हिरव्याचं काय करायचं ते लिहिलं आणि पिवळा विसरला, तर कंपायलर नुसती कुरकुर करून पुढे जाई. स्टुरेचं म्हणणं, पुढे जाऊच नये. राहिलेली शक्यता लिहून आण, मग बोलू. नवी आवृत्ती वसंतात निघणार होती. तीत हे बसलं नाही, तर त्याच्यामागे ते रेटणारं कुणी नव्हतं.

कंपायलर सांभाळणाऱ्या गटाने मान्यता दिली, पण नेहमीच्या अटीवर. ल्युंगचा कंपायलर ल्युंगमध्येच लिहिलेला. तेव्हा नवा नियम आधी कंपायलरने स्वतःला लावून दाखवायचा. लावला, आणि गाडी एका जागी अडली. तीन शक्यतांपैकी दोनच लिहिल्या होत्या. लिहिणारी गुनहिल्ड, गटातली जुनी सहकारी.

"तूच भर की तिसरी," गटप्रमुख येर्कर म्हणाला.

"तिच्या मनात काय होतं ते मला काय ठाऊक?"

"मग विचार तिला."

येर्करचं बोलायला काय जातंय. स्टुरेने एकदा हरकत घेऊन गुनहिल्डची सुधारणा पाडली होती. त्यानंतर तिने काम सोडलं, आणि एकाच शहरात राहून दोघं बोलत नव्हती.

शेवटी तो गेला. तिने कॉफी दिली, दालचिनीचा पाव दिला, सगळं ऐकून घेतलं.

"ती जागा माझ्या सुधारणेसाठी मोकळी सोडली होती," ती म्हणाली. "तू आडवा आलास. आता तिथे लिहिणार काय, कपाळ?"

"बरोबर."

"'असं कधी होणारच नाही' असं ठोकून दे. चालून जाईल. सुटशील बापडा."

स्टुरेने पाव संपवला. "होणार नाही, हे मीच ठरवलं होतं," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं नव्हतं. ते मला आधी सुचलं नाही, याचा राग होता."

"एवढ्या वर्षांनी सांगतोयस."

"हो. धीर झाला नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने गटाला कळवलं, की जुनी हरकत मागे घेतो, आधी गुनहिल्डची सुधारणा घ्या, ती मोकळी जागा तिनेच भरू दे, माझा नियम त्यानंतर. तिच्या कामाला वर्ष लागणार, म्हणजे तुझी या आवृत्तीतून गेली, हे येर्करने त्याला पुन्हा पुन्हा समजावलं. स्टुरेला कळत होतं. त्याला वाईट वाटलं, आणि तसं त्याने सांगितलंही.

आवृत्ती निघाली. निरोपाच्या केकपाशी गटात नव्याने आलेल्या एकीने विचारलं, "मग, जाता जाता काय घातलंस भाषेत?"

"काही नाही," स्टुरे म्हणाला. "सोमवारपासून गुनहिल्ड येतेय. तिला माझं टेबल द्या."